हौशी खेळाडूने प्रशिक्षक कसा निवडावा: तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो ते ऐका

माझ्या पहिल्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला होता: "टी-शर्टचा साइज काय?"

त्यानंतर एक छापील तक्ता हातात पडला. 12 आठवडे, शेवटी 21.1 किलोमीटरची शर्यत. आमच्या गटात बावीस वर्षांचा एक मुलगा होता, साठीला टेकलेले एक गृहस्थ होते आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी, आधी कधीही न धावलेली मी होते. तक्ता तिघांना एकच. सब घोडे बारा टक्के! पाचव्या आठवड्यात मी म्हटलं, "सर, नडगी दुखतेय." उत्तर आलं, "दुखणारच. त्याशिवाय स्टॅमिना कसा वाढणार?" सातव्या आठवड्यात हाडाला बारीक तडा गेल्याचं निदान झालं आणि पुढचे दोन महिने धावणं बंद.

दुसऱ्या वेळी भेटलेल्या मॅडमनी पहिली चाळीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. झोप किती होते, ती सलग होते का, कामावर उभं राहावं लागतं की बसावं लागतं, कुठली औषधं चालू आहेत, याआधी काय काय मोडलंय. मी जुन्या खांद्याच्या दुखापतीचं सांगितलं आणि वर म्हटलंही, "पण मला तर धावायचंय, खांद्याचं काय?" त्या म्हणाल्या, "हात कोण हलवणार मग?" तेव्हापासून ओळखीचं कुणी प्रशिक्षकाबद्दल विचारायला आलं की मी आधी हेच विचारते: त्यांनी तुला काय काय विचारलं?

खालच्या पायऱ्या त्या अनुभवातून आणि नंतर केलेल्या बऱ्याच वाचनातून आल्या आहेत. खेळ कुठलाही असो, क्रम साधारण हाच ठेवा.

पायरी 1: आधी स्वतःचा कागद भरा

प्रशिक्षक शोधण्याआधी अर्धा तास काढून चार गोष्टी लिहा: मला नेमकं काय हवंय, कधीपर्यंत हवंय, आठवड्याला खरोखर किती तास देता येतील आणि शरीराची आजची स्थिती काय आहे.

'खरोखर' या शब्दावर थांबा. उत्साहाच्या भरात सगळेच आठवड्याला दहा तास लिहितात. गेल्या चार आठवड्यांची दिनदर्शिका उघडून बघा, मोकळे तास किती निघाले? बहुतेकांचा आकडा चार ते सहाच्या मध्ये येतो. तो लिहायला लाजू नका. चार तासांत चांगला कार्यक्रम बसवता येतो. दहा तासांसाठी आखलेला कार्यक्रम चार तासांत कोंबला की दुखापत होते, नाहीतर अपराधी वाटत राहतं.

उद्दिष्टाबाबतही ताकाला जाऊन भांडं लपवू नका. वजन कमी करायचं असेल तर तसं लिहा, ऑफिसातल्या सहकाऱ्याला टेनिसमध्ये एकदा हरवायचं असेल तर तेही लिहा. प्रशिक्षक हसला तर हसू द्या, पण त्याला ते ठाऊक हवं.

वय चाळिशीच्या पुढे असेल, छातीत दुखणं, धाप, चक्कर असं काही होत असेल, किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर प्रशिक्षकाआधी डॉक्टरांना गाठा. हे काम प्रशिक्षकाचं नाही, आणि चांगला प्रशिक्षक ते स्वतःकडे घेतही नाही.

पायरी 2: तुम्हाला डोळे हवेत की आराखडा?

प्रशिक्षक ढोबळपणे दोन कामं करतो. एक, तुमची हालचाल बघून ती सुधारणं. दोन, आज किती, उद्या किती आणि विश्रांती कधी हे ठरवणं.

पोहणं, टेनिस, बॅडमिंटन, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स यांत सुरुवातीला डोळ्यांना पर्याय नाही. पाण्यात आपली कोपरं कुठे असतात हे आपल्याला कळतच नाही आणि एकदा हाडीमांसी खिळलेली चुकीची सवय मोडायला शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो. इथे माणूस समोर हवा आणि गट लहान हवा. एका वेळी पंचवीस जण पाण्यात आणि काठावर एकटा प्रशिक्षक, ही शिकवणी झाली नाही, ती राखण झाली.

लांब पल्ल्याचं धावणं आणि सायकलिंग यांत आराखड्याला जास्त वजन असतं. तिथे दूरस्थ प्रशिक्षक, म्हणजे फोनवरून आणि घड्याळातल्या नोंदी बघून मार्गदर्शन करणारा, चालून जातो. अट एकच: तुमच्या नोंदी तो खरंच वाचत असला पाहिजे. हे तपासायला सोपी युक्ती आहे. सरावाच्या नोंदीत मधेच लिहा, "आज डावी टाच सकाळी उठल्यावर दुखत होती." दोन दिवसांत त्यावर चकार शब्द आला नाही, तर तुम्ही तयार तक्त्याचे पैसे मोजताय.

आणि हो, काही जणांना प्रशिक्षकाची गरजच नसते. आठवड्यातून तीनदा तासभर चालून-पळून तब्येत राखायची असेल, तर एखादा चांगला मित्र पुरतो.

पायरी 3: भिंतीवरची पदकं बाजूला ठेवा

मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक, हा आपला सगळ्यांचा आवडता समज. इतिहास मात्र वेगळं सांगतो. 1980 आणि 1984 अशा सलग दोन ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण जिंकणाऱ्या सेबॅस्टियन कोला त्याच्या वडिलांनी घडवलं. पीटर को हे व्यवसायाने अभियंता होते, धावपटू नव्हते. आयर्लंडहून 1976 मध्ये केनियातल्या इतेन गावी भूगोल शिकवायला गेलेले ब्रदर कोल्म ओ'कॉनेल यांनाही ॲथलेटिक्सची पार्श्वभूमी नव्हती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. फुटबॉलमध्ये आरिगो साकी कधी व्यावसायिक खेळाडू नव्हते, तरी त्यांच्या मिलान संघाने 1989 आणि 1990 मध्ये युरोपियन चषक जिंकला.

याचा अर्थ खेळलेला माणूस वाईट, असा नाही. पण ज्याला एखादी गोष्ट लहानपणी आपोआप जमली, त्याला ती न जमणाऱ्याची अडचण कळतेच असं नाही. "अरे, बॉल बघ आणि मार" यापलीकडे त्याच्याकडे शब्द नसतात.

म्हणून प्रशिक्षकाच्या सर्वांत चमकत्या शिष्याकडे बघू नका. असा गुणी खेळाडू कुणाच्याही हाताखाली पुढे गेला असता. गटातल्या मधल्या फळीकडे बघा. तुमच्याच वयाचे, तुमच्यासारखेच नोकरी-संसार सांभाळणारे लोक वर्षभरात कुठून कुठे पोहोचले? आणि त्याहून मोलाची माहिती सोडून गेलेल्यांकडे असते. दोघा-तिघांना गाठून विचारा की का सोडलं. "बदली झाली", "वेळ जमेना" ही उत्तरं ठीक. तिघांपैकी दोघं "गुडघा गेला" म्हणाले तर तिथेच थांबा.

पायरी 4: प्रमाणपत्र, पण कुठलं?

प्रमाणपत्राने माणूस चांगला शिक्षक ठरत नाही. किमान अभ्यास झालाय आणि कुणाला तरी तो उत्तरदायी आहे, एवढं मात्र त्यातून कळतं. बहुतेक खेळांच्या महासंघांची प्रशिक्षकांसाठी चढती श्रेणी असते. युरोपियन फुटबॉलमध्ये सी, बी, ए आणि त्यावर प्रो असे परवाने आहेत आणि ते ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावे लागतात. तेव्हा दोन प्रश्न विचारा: कुठल्या संस्थेचं, आणि शेवटचं नूतनीकरण कधी? शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं चकचकीत प्रमाणपत्र आणि महासंघाची पातळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महासंघाला विचारून खात्री करून घेता येते.

एका प्रमाणपत्राबाबत मात्र मी हट्टी आहे: प्रथमोपचार आणि सीपीआर. मैदानावर कुणाचं हृदय बंद पडलं तर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं प्रशिक्षकाच्या हातात असतात. "छातीवर दाब किती वेगाने द्यायचा?" असं सहज विचारून बघा. मिनिटाला 100 ते 120, प्रौढ माणसाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हे त्याला विचार न करता सांगता आलं पाहिजे. जवळचं एईडी यंत्र, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे, हेही. डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा खेळायला उतरवायचं नाही आणि उष्माघात झालेल्याला आधी गार पाण्यात बुडवून शरीर थंड करायचं, मग रुग्णालयात हलवायचं, एवढं तरी माहीत हवं. प्रश्न ऐकून तो चिडला तर तेही उत्तरच समजा.

पायरी 5: एक अख्खं सत्र नुसतं बसून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परवानगी घ्या, कडेला बसा, फोन खिशात ठेवा. "बाहेरच्यांना बघू देत नाही" असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून निघा. मुलांसाठी प्रशिक्षक शोधत असाल तर या बाबतीत काडीचीही तडजोड नको: अल्पवयीन मुलाचं प्रशिक्षण कायम दुसऱ्या प्रौढाच्या नजरेसमोर चाललं पाहिजे आणि मुलाला जाणारे निरोप पालकांनाही दिसले पाहिजेत.

काय बघायचं? पहिल्यांदा घड्याळ. तासाभरात एक जण प्रत्यक्ष किती मिनिटं हलतोय आणि किती वेळ रांगेत उभा आहे? मग प्रशिक्षकाची नजर. ती फिरते आहे की दोन आवडत्या खेळाडूंवर खिळलेली आहे?

त्यानंतर कान द्या. चांगला प्रशिक्षक एका वेळी एकच चूक धरतो. "खांदा खाली, कोपर आत, गुडघे वाकव, मनगट सैल, श्वास सोड" हे एका दमात ऐकणाऱ्याचं काय होत असेल? शब्द कसे वापरतो तेही ऐका. अवयवाकडे लक्ष वेधण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे वेधलं तर शिकणं सोपं होतं, असं हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांनी आणि इतर अनेकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. म्हणजे उडी मारताना "गुडघे जोरात सरळ कर" याऐवजी "जमिनीला खाली ढकल", पोहताना "तळवा असा वळव" याऐवजी "पाणी मागे लोट". अशी भाषा कानावर पडली तर या माणसाने शिकवण्याचा विचार केलाय असं समजा.

आणि गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाशी तो कसा बोलतो ते बघा. काही महिने तो माणूस तुम्ही असणार आहात.

पायरी 6: बोलणं, आणि आराखड्याची परीक्षा

आता समोरासमोर बसा. तुम्ही आधी बोलू नका, त्यांना विचारू द्या. झोप, काम, आजारपण, जुन्या दुखापती, याआधीचा सराव, उद्दिष्ट यांतलं निम्मंही विचारलं नाही आणि थेट पॅकेजवर गाडी आली, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

मग तुमची पाळी. मी हे चार प्रश्न विचारते:

- माझ्यासारख्याचा पहिला महिना कसा असेल?
- मध्येच आठवडाभर आजारी पडले तर आराखड्याचं काय होईल?
- तुमच्याकडे गेल्या वर्षी कुणाला दुखापत झाली आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत?
- फिजिओथेरपिस्टकडे कधी पाठवता?

तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे दुखापती होतच नाहीत" असं उत्तर आलं तर दोनच शक्यता: एक तर तो बघत नाही, नाहीतर खोटं बोलतोय.

आराखडा बघताना शरीर कसं तयार होतं हे थोडं माहीत असलेलं बरं. सराव सुरू केला की हृदय आणि फुप्फुसांचा दम काही आठवड्यांतच वाढल्याचं जाणवतं. स्नायूबंध आणि हाडं मात्र मागे रेंगाळतात. वाढत्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना भाग खणून काढतं आणि मग नवा भरतं. खणणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात हाड तात्पुरतं कमजोर असतं आणि नेमकं तेव्हाच आपल्याला "अरे, आता तर जमायला लागलं!" असं वाटत असतं. माझी नडगी सातव्या आठवड्यात गेली ती योगायोगाने नव्हे.

म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांचा चढ बघा. "दर आठवड्याला दहा टक्के" हा नियम बरेच जण मंत्रासारखा सांगतात. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या नियमाने आखलेल्या आणि नेहमीच्या कार्यक्रमात दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तेव्हा आकड्यापेक्षा हे शोधा: तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा आहे का, दोन कठीण दिवस पाठोपाठ आलेत का, अंतर आणि वेग एकदमच वाढवलेत का? दमसासाच्या खेळात सोप्या सरावाचं प्रमाणही तपासा. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे 80 टक्के सत्रं गप्पा मारता येतील इतक्या हलक्या गतीची निघाली. हौशी माणसाला मात्र रोज जीव काढायचा असतो आणि वाईट प्रशिक्षक त्याला तेच विकतो.

कधी उठून निघायचं

काही गोष्टींना दुसरी संधी द्यायची नसते.

निकालाची हमी. "तीन महिन्यांत दहा किलो", "सहा महिन्यांत राज्य संघात".

डब्यातली पावडर. जो प्रशिक्षक सप्लिमेंट विकतो, त्याचा सल्ला आणि त्याचा धंदा वेगळे काढता येत नाहीत. स्पर्धा खेळणार असाल तर धोका आणखी मोठा. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते, डबा कुणीही दिलेला असो.

वजनावरून टोमणे, आणि चारचौघांत वजनकाटा. कमी खाऊन जास्त सराव केला की हाडं, हार्मोन्स आणि प्रतिकारशक्ती सगळंच खालावतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नावही दिलं. ती पुरुषांनाही होते. बायकांमध्ये पाळी बंद होणं ही तिची ठळक खूण आहे. "सराव चांगला चाललाय, म्हणून थांबली" असं कुणी म्हणालं तर त्या माणसाच्या हाती आपलं शरीर देऊ नका.

डॉक्टरकडे जायला मनाई, दुसऱ्या कुणाकडून काही शिकायला मनाई, नको तो स्पर्श, रात्री-बेरात्रीचे खासगी मेसेज. इथे समजावत बसायचं नाही. निघायचं आणि तक्रार करायची.

पायरी 7: सहा आठवड्यांची चाचणी

वर्षाचे पैसे आधी भरू नका, कितीही सवलत असली तरी. सहा ते आठ आठवड्यांपुरतं ठरवा आणि चार ओळी लेखी घ्या: आठवड्याला किती सत्रं, प्रशिक्षक गैरहजर असला तर काय, दुखापतीमुळे थांबावं लागलं तर शुल्काचं काय, तुमचे फोटो जाहिरातीत वापरणार का. ओळखीतला माणूस असेल तर लेखी मागणं अवघड वाटतं. नेमकं तिथेच जास्त गरज असते.

पहिल्याच आठवड्यात मोजमाप करा. धावणारे असाल तर ठरावीक मार्गावर ठरावीक नाडीच्या ठोक्यांवर किती वेळ लागतो, रॅकेट खेळत असाल तर वीस सर्व्हिसपैकी किती आत पडतात, असं काहीतरी साधं. सहा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा.

सोबत वही ठेवा. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा: शून्य ते दहामध्ये किती कठीण गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. 60 मिनिटं आणि कठीणपणा 6, म्हणजे 360. आठवड्याची बेरीज करा. एखाद्या आठवड्यात बेरीज अचानक दीडपट झालेली दिसली तर प्रशिक्षकाला विचारा. त्याच्याकडे कारण असेल तर ते कळेल. नसेल तर तेही कळेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नवशिक्याची प्रगती पहिल्या दोन-तीन महिन्यांत कशानेही होते. दोरीवरच्या उड्यांनीही झाली असती. त्यामुळे आकडा सुधारला म्हणून लगेच प्रशिक्षकाला डोक्यावर घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या अडचणीनंतर आराखडा बदलला का, काय करतोय आणि का करतोय हे तुम्हाला आता स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, आणि सरावाला जायची इच्छा टिकून आहे का, हे जास्त बोलकं असतं.

आणि सोडताना

उद्दिष्ट बदलतं, शरीर बदलतं, कधी खेळच बदलतो. गायब होऊ नका, फोन उचलणं बंद करू नका. थोडक्यात सांगा, उरलेला हिशेब मिटवा, आणि सरावाच्या नोंदी, चाचण्यांचे आकडे, दुखापतींच्या तारखा मागून घ्या. पुढच्या प्रशिक्षकाचे निम्मे प्रश्न त्या कागदावरच सुटतात.

चार वर्षांनी मी धावणं कमी करून पोहायला लागले, तेव्हा मॅडमना तसा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी चारही वर्षांच्या नोंदी एका फाइलमध्ये आल्या, तारखांसकट. खाली एकच ओळ होती: "पोहताना तो जुना खांदा काय म्हणतोय?"